ओढ्यापलीकडचा वास

गावात पहिलं घड्याळ आलं, त्या काळची गोष्ट. सकाळी बरोबर सव्वासातला बुलबुलीनं अंगणातल्या कुंतीच्या झाडाचं एकुलतं एक लाल फळ तोडलं.

"अगं बये, माझं लेकरू आहे ते," कुंती कळवळली.

"मग काय जन्मभर फांदीला बांधून ठेवणार आहेस?" असं म्हणून बुलबुल ओढ्यापलीकडे उडाली.

कुंतीच्या जिवाला घोर लागला. त्याला पाणी कोण घालेल? शेळीनं खाल्लं तर? चार पावसाळे ती झुरली.

पाचव्या वर्षी पलीकडून वारा आला. त्याला कुंतीच्या फुलांचा वास होता, आणि ती स्वतः तर त्या दिवशी फुललीच नव्हती.

तिचा जीव भांड्यात पडला. बुलबुल येताच कुंती तिला म्हणाली, "शेजारच्या कुंतीनं फळ पानाआड लपवलंय. तिला जाऊन सांग बाई, लेकरं पोचतात म्हणावं."