रुंजीच्या हातावर दही

कुंपणवाडीला चारी बाजूंनी कुंपण होतं. हिरव्यागार निवडुंगाचं, काट्याकाट्यांचं, आणि त्याच्यावर पिवळीधमक फुलं. दिसायला मोठं गोजिरं. त्या कुंपणाला एकच फाटक होतं आणि फाटकातून बाहेर जायची गावाची एक रीत होती. जो निघायचा त्याच्या हातावर कुणीतरी चमचाभर दही घालायचं, वर चिमूटभर साखर भुरभुरायचं आणि म्हणायचं, "जाऊन ये हं सुखानं!" दही खाल्ल्याशिवाय कुणी फाटक ओलांडायचं नाही. आणि हे दही मिळायचं फक्त मुलग्यांना आणि बाप्यांना. मुलींना कशाला हवं दही? त्या कुठं निघाल्यात?

असं गाव म्हणायचं. मी नाही म्हणत.

गावातलं सगळं दही लागायचं सगुणाकाकूच्या घरी. शुभ्र, घट्ट, कवडीसारखं दही! काकूच्या घरात दह्याची मडकीच मडकी होती, आणि त्या मडक्यांच्या मागं, चुलीपाशी, एक चिमुकली मुलगी राबत होती. तिचं नाव रुंजी. ती काकूची पुतणी. आईबाप लहानपणीच देवाघरी गेलेले. काका बैल घेऊन बाजारोबाजार हिंडायचे, घरी असायचे कमीच. रुंजीच्या परकराला इतकी ठिगळं होती, की मूळचा परकर कुठला आणि ठिगळ कुठलं हे तिलाही सांगता यायचं नाही. सकाळी शेण काढायचं, मग मडकी घासायची, मग मैना म्हशीला कुंपणाच्या आतल्या रानात न्यायचं. जेवायला मिळायची करपलेली भाकरी. ती सुद्धा रुंजी एकटी खायची नाही. काकूची लहानगी पोर ठकी अडखळत यायची, तेव्हा भाकरीचा बरा तुकडा ठकीच्या तोंडात जायचा.

ज्या घरातून कुणी गावाला निघायचं, त्या घरी दह्याची वाटी पोचवायची तीही रुंजीनंच. वाटी देता देता ती हळूच विचारायची, "कुठं निघालात?" कुणी म्हणायचं, राजाच्या फौजेत. कुणी म्हणायचं, उंटांच्या देशात. रुंजी घरी यायची ती डोक्यात नुसते उंट घेऊन.

"मी पण जाणार," ती मैनेला सांगायची. मैना रवंथ करत राहायची. तिला काय, ती म्हैस होती.

एकदा रानात करवंदीच्या जाळीतून रुंजीला मुळूमुळू रडणं ऐकू आलं. तिनं फांद्या बाजूला केल्या. आत बसली होती एक पिटुकली परी! अंगठ्याएवढी. तिचे पंख सकाळच्या धुळीच्या रंगाचे होते, थोडे सोनेरी, थोडे गुलाबी, आणि हलले की त्यातून बारीक बारीक चांदणचुरा सांडायचा. पण पाय मात्र धुळीनं माखलेले, आणि एका इवल्याशा टाचेत काटा रुतलेला.

"अगं, तुला तर पंख आहेत," रुंजी म्हणाली. "पायात काटा कसा मोडला?"

"मी वाटपरी आहे. जगातल्या सगळ्या वाटा माझ्या," परी हुंदका गिळत म्हणाली. "उडून वाट कळते का कधी? चालावं लागतं."

रुंजीनं बाभळीचा काटा घेतला, जीभ दाताखाली धरली आणि अलगद, अगदी अलगद परीच्या टाचेतला काटा काढला. मग टाचेला रानतुळशीचा रस लावला. आपली भाकरीही तिनं परीपुढं धरली. परीनं मुंगीच्या घासाएवढा तुकडा खाल्ला.

"माग," परी म्हणाली. "काय हवं ते माग. सोन्याच्या बांगड्या? रेशमी परकर?"

"जग!" रुंजी म्हणाली. "मला जग बघायचंय."

परी इतकी हसली की करवंदीवर चांदणचुरा सांडला. "माझ्यापाशी दोनच वाटा उरल्यात. पहिली वाट दिवेलागणीला तुला परत आणून सोडेल. दुसरी वाट कधीच मिटणार नाही, जन्मभर तुझी. पण नियम आहेत हं! ज्याच्या हातावर कुणी मनापासून दही घालेल, त्याच्यापुढंच वाट उघडते. खोटं बोलून दही मागायचं नाही. आणि जिथं पोचशील तिथं पडेल ते काम करायचं, मिळेल ते खायचं, नाक मुरडायचं नाही. माझी टाच बरी झाली की मी निघणार. त्याच्या आत काय ते कर."

"एवढंच ना!" रुंजी म्हणाली. घरात दह्याचा काय तोटा होता?

ती मैनेला हाकत धावत घरी आली आणि काकूपुढं हात पसरला.

"दही? तुला?" काकू म्हणाली. "कुठं निघाली स्वारी?"

"जग बघायला."

काकू कंबरेवर हात ठेवून हसली. "आणि मैनेचं शेण कोण काढणार? तुझं जग? चल, मडकी घास!"

रुंजी कुंभारीणकाकूकडं गेली. ती म्हणाली, मुलीच्या जातीला हे शोभत नाही. गुरुजींकडं गेली. ते म्हणाले, बाहेर वाघ असतात. "तुम्ही पाहिलेत?" रुंजीनं विचारलं. गुरुजींनी पाहिले नव्हते. गावचे म्होरके दाजीबा तर मिशीला पीळ देत म्हणाले, "आज एक पोर निघाली, तर उद्या सगळ्या निघतील!" जणू सगळ्या निघाल्या तर आभाळच कोसळणार होतं.

रुंजी रागारागानं परत आली आणि गोठ्यात मैनेपाशी बसली. तेवढ्यात ठकी दुडुदुडु आली. तिला बोलता सुद्धा नीट यायचं नाही. पण काकूपुढं पसरलेला रुंजीचा हात तिनं पाहिला होता. ती आत पळाली, मडक्यात अख्खी मूठ बुडवून आली आणि तिनं रुंजीच्या हातावर दह्याचा गोळा थापला. "घे! जा! ये!" ठकी म्हणाली.

आणि गोठ्याची मागची भिंत निळी झाली! आधी फिकी निळी, मग गर्द निळी, मग मोरपंखी. भिंत नव्हतीच ती, वाट होती. रुंजीनं दही चाटलं, ठकीचा पापा घेतला आणि धूम ठोकली.

वाट संपली तिथं समुद्र होता. पाचूसारखा हिरवा, सोन्यासारखा चमचमणारा, आणि इतका मोठा की रुंजीला आधी हसूच फुटलं. एका लाल शिडाच्या गलबतावरच्या बाईनं तिला हात देऊन वर ओढलं. ती त्या गलबताची मालकीण होती. "काम करणार?" तिनं विचारलं. "करणार," रुंजी म्हणाली. मग काय! तिनं दोर ओढले, बादलीनं पाणी उपसलं, मालकिणीबरोबर भाजलेला मासा आणि कसलंसं जांभळं आंबट फळ खाल्लं. चंदेरी मासे पाण्यातून फर्रकन उडाले आणि तिच्या ठिगळांच्या परकरात येऊन पडले. तिनं ते एकेक करून पाण्यात सोडले. दुपारी वादळ आलं. लाटा घराएवढ्या झाल्या, गलबत करकरायला लागलं.

"घाबरलीस?" मालकीण ओरडली.

"हो!"

"दोर सोडतेस?"

"नाही!" रुंजी ओरडली, आणि तिनं नाही सोडला. तळहात सोलवटले, तरी नाही.

दिवेलागणीला वाटेनं तिला गोठ्यात आणून सोडलं. काकू लाटणं घेऊनच उभी होती. तिनं रुंजीचा कान पकडला, आणि मध्येच थांबली. तिनं रुंजीच्या केसांचा वास घेतला.

"हा कसला वास गं?"

"समुद्राचा," रुंजी म्हणाली.

काकूनं कान सोडला. लाटणंही खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ताक घुसळता घुसळता तिनं उगीचच घसा खाकरला. "लाटा किती मोठ्या असतात गं?" मग थोड्या वेळानं, "आणि मासे खरंच उडतात?" मग पुन्हा, "आणि ती बाई? मालकीण? बाईच होती ना नक्की?" रुंजी सांगत राहिली, आणि काकूच्या रवीचा दोर हातातच थांबला.

ही गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही. दाजीबांनी फाटकापाशी सगळ्यांना गोळा केलं आणि फर्मान सोडलं, "रुंजीच्या हातावर जो दही घालेल, त्याच्या घरचं दही गाव घेणार नाही!" हे फर्मान कुणासाठी होतं ते काय सांगायला हवं? गावात दही एकाच घरचं होतं.

काकूनं त्या दिवसापासून मडकी उंच फडताळावर चढवली. ठकीला पदराला बांधून ठेवलं.

आणि एका सकाळी वाटपरी खिडकीत येऊन बसली. "माझी टाच बरी झाली रुंजी. आज मी निघणार."

जन्मभराची वाट आज मिळाली तर मिळाली! ती काकूपुढं उभी राहिली आणि तिनं सोलवटलेला तळहात पुढं केला. "काकू, दही घाल."

काकूनं मडकं उतरवलं. चमचा भरून घेतला. तिचा हात पुढं आला सुद्धा. पण फर्मान निघाल्यापासून पाळत ठेवणारे दाजीबा दारात उभे होते, आणि त्यांच्या मागं अर्धं गाव. काकूनं चमचा पुन्हा मडक्यात टाकला.

"नाही जमत गं मला," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "गावाच्या हातावर दही घालता घालता माझे केस पिकले. माझ्या हातावर कुणी कधी घातलं? जे मला कुणी दिलं नाही, ते मी तुला कुठून देऊ?"

रुंजीला असा राग आला, असा राग आला! काकूचा नाही. त्या फडताळाचा, त्या फाटकाचा, त्या मिशांचा.

"कर हात पुढं!" ती ओरडली. काकूनं दचकून हात पुढं केला. रुंजीनं चमचा घेतला, काठोकाठ भरला, आणि काकूच्या भेगाळलेल्या तळहातावर दही घातलं. वर साखर घातली, चांगली दोन चिमटी. "जा काकू! बघून ये तुझा समुद्र! जाऊन ये सुखानं!"

भिंत निळी झाली, मोरपंखी झाली, आणि खाऱ्या वाऱ्यानं दाजीबांची पगडी उडाली.

"अगं, माझं दूध उतू जाईल!" काकू ओरडली.

"मी बघते!"

काकूनं दही खाल्लं, ठकीला पदरातून सोडून रुंजीकडं दिलं, लुगड्याचा काचा मारला, आणि गेली.

घर एकदम रिकामं झालं. रुंजीनं दूध उतरवलं. तेव्हा कुठं तिला रडू आलं.

"दिलीस वाट?" परीनं हळूच विचारलं.

"दिली."

"वाईट वाटतंय?"

"खूप," रुंजी म्हणाली आणि तिनं बाहीनं नाक पुसलं.

"परत आणू?"

"हात लावून तर बघ!" रुंजी म्हणाली. परीचे पंख जरा जास्तच चमकायला लागले. आणि निघायचं ठरलं होतं तरी ती खिडकीतून हलली नाही.

दिवेलागणीला काकू आली. केसांत वाळू, पायांत लुगड्याची ओली टोकं, आणि तोंडभर हसू. अर्धं गाव अजून अंगणातच होतं. काकू कुणाशी बोलली नाही. ती सरळ मडक्यापाशी गेली, तिनं चमचा भरला आणि रुंजीचा हात आपल्या हातात घेतला.

"सगुणा!" दाजीबा गरजले. "गाव तुझं दही घेणार नाही!"

"नका घेऊ!" काकू त्यांच्याहून मोठ्यानं गरजली. "बसा गावातच! माझ्या दह्याशिवाय फाटक ओलांडून दाखवा!"

ही गोष्ट दाजीबांच्या ध्यानातच आली नव्हती.

काकूनं रुंजीच्या हातावर दही घातलं. "घरच्या दह्यावर पहिला हक्क तुझा होता गं पोरी. मी उशीर केला. जा, सगळं बघ, आणि आठवण झाली की ये."

"पण माझ्यापाशी दोनच वाटा होत्या," परी म्हणाली. "दोन्ही संपल्या."

"एवढीशी आहेस, आणि मोजूनमापून देतेस?" काकू म्हणाली.

परी खुदकन हसली. "अगं, मनापासून घातलेल्या दह्यापुढं वाट उघडतेच. तो नियम माझ्याहूनही मोठा आहे. इथं पोरींना कुणी घालतच नव्हतं, म्हणून मला माझ्यातल्या द्याव्या लागत होत्या!"

असं म्हणून तिनं पंख पसरले. सोनेरी उजेड झाला, गुलाबी झाला, केशरी झाला. परी त्या उजेडात विरघळली, आणि तो उजेड अंगणातून फाटकापर्यंत आणि फाटकातून दूर, दूर, डोंगरांपलीकडं पसरला. त्याची वाट झाली होती. रुंजी त्या वाटेवरून हसत, उड्या मारत निघाली. तिनं पुढं उंट पाहिले, बर्फ पाहिला, वाघही पाहिले. वाघांनी तिला काही केलं नाही.

इकडं अंगणात कुंभारणीची सुमनी पुढं आली आणि तिनं हात पसरला. "काकू, मला?" मग गुरुजींची कावेरी आली. मग आणखी, मग आणखी. काकूनं फडताळावरचं सगळ्यात मोठं मडकं उतरवलं.

रांगेत सगळ्यात शेवटी दाजीबा उभे होते. त्यांना सकाळी बाजाराला जायचं होतं.

"थांबा जरा," काकू म्हणाली. "आधी पोरी."