चेटकिणीची खूण

एका गावात गेणू नावाचा एक भोळा गडी होता. आई सांगेल ते तंतोतंत करायचा. दुखणं तेवढंच.

त्याची बायको हौसा माहेरी गेली होती. तिला आणायला निघताना आई म्हणाली, "चेटकिणीपासून जपून रं. केस मोकळे सोडून बसलेली बाई दिसली की शब्द काढू नको. तसाच माघारी ये."

गेणू सासुरवाडीला पोचला. हौसा न्हाऊन अंगणात केस वाळवत बसली होती. "आलात व्हय?" म्हणून हसली. गेणू मुकाट्यानं माघारी आला.

"आई, चेटकीण भेटली. दिसायला थेट हौसासारखी."

आईनं कपाळावर हात मारला. "आरं, न्हाली आसंल ती. केसांवरनं काय कळतंय? चेटकिणीचे पाय उलटे असत्यात. टाचा पुढं. टाचा दिसल्या तर वरडून गाव गोळा कर."

दुसऱ्या दिवशी गेणू मान खाली घालूनच गेला. सासूबाई दोरीवर लुगडं वाळत घालत पाठमोऱ्या उभ्या होत्या. गेणूला टाचा दिसल्या. त्यानं "चेटकीण! चेटकीण!" ओरडून गाव गोळा केलं.

लोक आधी हसले. मग तो शब्द चिकटला. पाणवठ्यावर बाया सासूबाईंपासून लांब उभ्या राहू लागल्या. हौसाला तर पोरंसुद्धा चेटकिणीची लेक म्हणू लागली. बिचारी घराबाहेर पडेना. सासऱ्यांचा निरोप आला, "चावडीवर येऊन हा डाग पुसा. नाहीतर आमची पोरगी विसरा."

आई हादरली. तिनं गेणूला समोर बसवलं. "केस, टाचा, सगळं सोड. जिला चेटूक ठाऊक असतं, ती चेटकीण. त्या दोघींना त्यातलं काय ठाऊक असणार? एवढंच सांग, आन् बायकोला घिऊन ये."

चावडी भरली. गेणू उभा राहिला.

"माझी बायको चेटकीण न्हाई. सासूबाई बी न्हाईत. त्यास्नी त्यातलं काय बी ठाऊक न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. सासऱ्यांचे डोळे भरून आले. हौसा गाठोडं घेऊन उठली.

मागून कुणीतरी विचारलं, "मग ठाऊक कुणाला हाय?"

"माझ्या आईला," गेणू म्हणाला. "केस, टाचा, समदं तिनंच शिकवलं."

सासऱ्यांनी हौसाच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं.

गेणू एकटाच घरी आला. आई दारातच उभी होती. "हौसा कुठाय?"

"माहेरी. पर डाग पुसला. आता त्यास्नी कुणी चेटकीण म्हणत न्हाई. तू तेवढी त्या गावाला जाऊ नको."