यसूबाईची परात

नदीकाठच्या एका गावात यसूबाई नावाची एक बाई आपल्या नवऱ्याबरोबर, गेनोबाबरोबर, राहायची. तिला भांड्यांचं फार वेड. तिच्या मांडणीवर पितळी पराती, हंडे, पातेली, घंगाळं यांची गर्दी होती. प्रत्येक भांड्यावर तिनं आपलं नाव घालून घेतलं होतं. स्वयंपाक मात्र ती एका तव्यावर आणि दोन पातेल्यांत करायची. बाकीची भांडी फक्त घासायची आणि परत मांडायची.

तिची मुलगी जनी पलीकडच्या काठावर दिली होती. जनीचे दिवस भरत आले होते. तिच्या घरी वडीलधारं कुणी नव्हतं. म्हणून जावयानं सासू-सासऱ्यांसाठी घराला लागून एक खोली बांधली आणि निरोप पाठवला, "आता दोघं कायमचे इकडेच या."

नावाडी म्हणाला, "मावशी, उद्या दुपारची फेरी शेवटची. मग होडी डांबर लावायला काठावर ओढणार. दोन माणसं आणि दोन गाठोडी, एवढंच नेईन."

"आणि माझी भांडी?"

"मावशी, होडी तरंगायला हवी ना."

यसूबाई रडवेली झाली. "अहो, भांडी सोडून मी कशी जाऊ?"

"मग तू भांड्यांपाशी राहा," गेनोबा म्हणाला. "बाळंतपण मी करतो."

हे ऐकून यसूबाई मुकाट्यानं उठली. तिनं भांडी वाटायला घेतली. मोठी परात शेजारच्या पारूला दिली. "ही ठेव तुझ्याकडे. पण राखेनं घासू नकोस, चिंचच लाव. आणि माझं नाव दिसेल अशी उभी ठेव." हंडा शिंप्याच्या घरी दिला. "पोरांना हात लावू देऊ नका हं." मोठं पातेलं देवळातल्या गुरवाला दिलं. "विस्तवावर ठेवू नका, काळं पडेल." असं करत तिनं सगळी मांडणी रिकामी केली आणि हात झुलवत घरी आली.

त्या गावात एक रीत होती. दुसऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत करत नसे.

संध्याकाळी पारू आली. तिच्या डोक्यावर तीच परात होती आणि परातीत कुरडया होत्या. मागून शिंपी हंडाभर आंबे घेऊन आला. गुरवानं पातेल्यात नारळ आणले. अंधार पडायच्या आत सगळी भांडी परत आली, आणि सगळी भरून आली. दारात पाय ठेवायला जागा उरली नाही.

गेनोबा पोट धरून हसला. "सकाळी नुसती भांडी होती. आता भांडी आहेत आणि वर बाजारही आहे. अजून एकदा वाटून ये, म्हणजे होडीबरोबर नावाडीही बुडेल."

यसूबाईला मात्र हसू आलं नाही. "पारू, परत का आणलीस गं?"

पारू म्हणाली, "काकू, तुम्ही परात दिलीत, की राखायला ठेवलीत, तेच कळेना. माझ्या घरात चार पोरं आहेत. तुमची परात सांभाळू की पोरं?"

यसूबाईनं परातीवरच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं. पलीकडे जनी वाट बघत होती, आणि इथं ती अजून पितळ कवटाळून बसली होती.

सकाळी तिनं तांबटाला बोलावलं आणि अंगणात बसवलं. "या परातीवर माझ्या नावाखाली पारूचं नाव घाल."

तांबटानं छिन्नी हातात घेतली. "काकू, एकदा ठोकलं की ठोकलं. मग परात तुमची नाही."

यसूबाईनं क्षणभर डोळे मिटले. "ठोक."

पहिला घाव तिच्या जिव्हारी लागला. दुसरा तेवढा लागला नाही. हंड्याची पाळी येईपर्यंत ती स्वतःच हाका मारू लागली, "अहो शिंपीदादा, या, नाव सांगा. आणि पोरांना खुशाल वाजवू द्या." सगळी आळी अंगणात जमली. कुरडया तळल्या, आंबे कापले, नारळ फोडले. जो तो खात होता आणि आपलं नाव नीट येतंय ना ते वाकून बघत होता.

"आणि माझी मजुरी?" तांबटानं विचारलं.

"ते घंगाळ तुझं. त्यावर तुझंच नाव घाल."

दुपारी यसूबाई गेनोबाबरोबर दोन गाठोडी घेऊन होडीत बसली. भांड्यांतली एक वाटी तेवढी तिनं येणाऱ्या बाळासाठी बरोबर घेतली होती.

जनीला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी डांबर लावलेली होडी पुन्हा पाण्यात उतरली आणि जुनी आळी खेपाखेपांनी तिच्यातून आली. पारूच्या डोक्यावर परात होती, परातीत बाळाची झबली होती.

झबली काढून घेतल्यावर यसूबाईनं परातीकडे पाहिलं. ती राखेनं घासलेली होती आणि लखलखत होती. परात घेऊन ती आत गेली. बाहेर आली तेव्हा परात घुगऱ्यांनी शिगोशीग भरलेली होती.

"काकू, एवढ्या कशाला?" पारू म्हणाली.

यसूबाई हसली. "अगं, दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं देऊ?"

तात्पर्य: द्यायचं ते मनातून सोडून द्यावं. नुसतं हातातून सोडलेलं ओझं संध्याकाळी घरी परत येतं. मनातून सोडलेलं दोन्ही घरांत आनंद घेऊन येतं.