अंगठ्याखाली महाराज!

उंबरगडच्या दरबारात त्या दिवशी मारामारीच व्हायची बाकी होती, आणि तीही कशावरून? तर एका कीबोर्डावरून!

महाराजांचे सगळे हुकूम टाइप करायची येसू. रत्नाजीराजे एकदा सांगायला बसले की थांबायचं नाव घेत नसत, त्यामुळे बिचारीच्या मनगटांचं पार भरीत झालं होतं. साधी वेणी घालायलासुद्धा शेजारणीला हाक मारावी लागायची. शेवटी वैद्यबुवांनी खटपट करून दोन तुकड्यांचा कीबोर्ड मागवला. अर्धा डाव्या हाताशी, अर्धा उजव्या हाताशी, म्हणजे मनगटं वाकडी करायला नकोत. शिवाय बटणं सुटी! कुठलं अक्षर कुठे बसवायचं ते आपलं आपण ठरवायचं. येसूला कोण आनंद झाला!

पण दरबारी मंडळी कशाला गप्प बसतील?

"मधली ओळ म्हणजे मानाची ओळ," सेनापती ढमढेरे मिशीला पीळ देत म्हणाले. "तिथे आमचा ढ बसणार!"

"आणि आमचा झ काय दाराशी बसणार?" दिवाण झुंजारराव उसळले.

मग राजज्योतिषी ठोसरांनी ठ पुढे सरकवला, आणि बघता बघता सगळा दरबार आपापलं बटण मुठीत धरून उभा राहिला. बोटं टेकायची त्या मधल्या ओळीत जागा मोजक्या, मानकरी मात्र दरबारभर!

"अहो, त, न, क जवळ हवेत मला!" येसू कळवळून म्हणाली. "काना हवा! ते कोपऱ्यात टाकले तर माझी बोटं धावून धावून मोडतील की!"

ऐकतो कोण! रत्नाजीराजे तर हट्टाला पेटलेले.

"हे बघ येसू, उद्या दसरा. आज दिवे लागायच्या आत सगळे हुकूम लिहून झाले पाहिजेत. दरबारात एकही माणूस रुसता कामा नये, आणि हात दुखतात ही रडगाणीही नकोत. जमत नसेल तर ऊठ! दिवाणजींचा भाचा तयारच आहे."

येसूपुढे पेच पडला. नोकरी टिकवावी तर हात जाणार, आणि हात सांभाळावेत तर नोकरी जाणार. घरी म्हातारी आई, तिचं कसं व्हायचं? आणि जागा जाणार कुणाला, तर स्वतःचं नाव टाइप करताना घामाघूम होणाऱ्या त्या भाच्याला! तिला असा काही राग आला की रडू आलं होतं ते जागच्या जागी आटलं.

"जशी आज्ञा, महाराज!" ती पदर खोचून म्हणाली. "सगळ्यांना मधल्या ओळीत आळीपाळीनं बसवते. फक्त एवढं सांगा मंडळी, अक्षर म्हणजे नुसतं बटण, की तुम्ही स्वतः?"

"म्हणजे काय!" ढमढेरे गरजले. "आमचं अक्षर म्हणजे आम्हीच!"

"आम्हीच! आम्हीच!" दरबार घुमला.

"बरं झालं, सगळ्यांसमक्ष ठरलं." येसूनं ढ आणि झ मधोमध बसवले आणि पहिला हुकूम मोठ्यानं म्हणत टाइप करायला घेतला. "मिरवणुकीत पुढे ढोल... माफ करा हं सेनापती, ही एक टपली! मागे ढाली... ही दुसरी! मग झांजा... दिवाणजी, डोकं सांभाळा! आणि झेंडे... अगं बाई, पुन्हा लागली!"

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं. ढमढेऱ्यांचा हात आपोआप पागोट्याकडे गेला.

"हा काय चावटपणा!" झुंजारराव ओरडले.

"चावटपणा कसला? अक्षर म्हणजे तुम्हीच ना? मग बटणावर बोट पडलं की ते तुमच्याच डोक्यावर! कोपऱ्यातल्याला कधीमधी एखादी बसते. मधल्या ओळीतल्याची मात्र सुटका नाही. काम नसलं तरी माझी बोटं त्यांच्याच टाळक्यावर टेकलेली!"

झालं! जो तो आपलं बटण घेऊन मागे सरकायला लागला.

"आमचं वय झालं बाई, आम्हाला आपला कोपराच बरा," ठोसर म्हणाले.

"ढ लागतोच कुठे एवढा?" ढमढेरे पुटपुटले. "टाक वर कुठेतरी!"

येसूनं भराभरा त, न, क, काना असे लागतील ते जवळ ओढले. बोटं फिरवून पाहिली. हात कसे हलके वाटत होते! पण झुंजाररावांचा जळफळाट काही शमला नव्हता.

"आणि महाराजांचा र?" ते गोड आवाजात म्हणाले. "तो तर ओळीओळीला लागतो. महाराजांना किती टपल्या मारणार आहेस, येसू?"

महाराजांची भुवई वर चढली. येसूनं र उचलला आणि सरळ अंगठ्याच्या जागी बसवला.

"अंगठ्याखाली!" झुंजारराव किंचाळले. "महाराजांना अंगठ्याखाली ठेवते ही!"

"येसू!" महाराज सिंहासनावरून उठलेच.

"महाराज, एकच विचारते. उद्या सीमोल्लंघनाला निघताना राणीसाहेब तुमच्या कपाळाला टिळा लावतील, तो कुठल्या बोटानं?"

"अंगठ्यानं! त्यात काय विचारायचं?"

"तेच तर, महाराज! बाकीची बोटं टपल्या मारतात. अंगठा टिळा लावतो! इतर राजांना टिळा सणासुदीला. तुम्हाला ओळीओळीला!"

महाराज असे हसले, असे हसले, की मुकुट घरंगळून पायाशी आला! ढमढेरे हसले, ठोसर हसले. झुंजाररावांनाही हसावं लागलं, करतात काय!

दिवे लागले तेव्हा शेवटचा हुकूम लिहून झाला होता, आणि येसूनं हात झटकून सगळ्यांना दाखवले. कुठे म्हणून दुखत नव्हतं!

"थांब, आणखी एक हुकूम राहिला," महाराज डोळे मिटून, कपाळ जरा पुढे करून म्हणाले. "लिही. येसूबाईंना रेशमी लुगडं, रुप्याची करंडी, राजवाड्याशेजारी राहायला घर, आणि दर रविवारी रजा! आणि बाई, र जरा सावकाश दाबा!"