मेणाच्या घरातला भुंगेरा

फार पूर्वी, झाडं झोपेत बोलत असत तेव्हा, एका ऐनाच्या झाडाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. माश्या पंखांनी वारा घालत, आणि सगळं पोळं संथ श्वास घेतल्यासारखं वाटे.

एके दुपारी टणक पाठीचा एक भुंगेरा आत शिरला. त्याच्या पाठीत माश्यांच्या नांग्या रुतेनात. पहाऱ्यावरची तांबडी माशी ओरडली, "गराडा घाला गं! अंगं तापवा! भाजून काढू मेल्याला!"

माश्या त्याच्याभोवती दाटल्या आणि थरथरत तापू लागल्या. भुंगेऱ्याने पाय पोटाशी घेतले आणि तो निपचित पडला. मेण लिंपणारी हळदी माशी म्हणाली, "ताई, पुरे आता. मी त्याला मेणात बंद करते."

"बंद केल्याने तो मरणार आहे का?" तांबडी कडाडली. "आणखी तापवा!"

भुंगेरा मेला नाही. मेण मात्र वितळलं. घरांच्या रांगा ओघळल्या, आतली झोपलेली बाळं मधासकट खाली गेली आणि पोळ्याला धाप लागली. पडलेल्या भोकातून भुंगेरा उठला आणि उरलेल्या घरांकडे सावकाश चालू लागला.

तेव्हा मेणाचा पहिला कण तांबडीनेच आणला. सगळ्यांनी मिळून, न तापता, भुंगेऱ्याला मेणाच्या भिंतीआड लिंपून टाकलं.

पुढे त्या भिंतीपाशी नवी पहारेकरीण आली की तांबडी तिच्या कानाशी सांगायची, "जागी राहा, बाळ. पण तापू नकोस. ही भिंत आपल्याच अंगातल्या मेणाची आहे."