चिमीचे बोळके

वारणेकाठच्या करंजोळे गावी दयाळनाथ महाराजांचा मुक्काम होता. कुंभारवाड्यालगतच्या विहिरीजवळ पिंपळ होता, त्याच्या पारावर महाराज बसत. कुंभाराची राहीबाई रोज त्यांना भाकरी नेई. बाई भोळी, कष्टाळू. तिला घोर होता तो सहा वर्षांच्या लेकीचा, चिमीचा. पोर गुणाची, पण राग आला की हाताला येईल ते फेके आणि राग उतरला की आईच्या पदरात तोंड लपवून रडे.

एकदा पाटलांच्या नातवाने चिमीचा मातीचा बैल पायाखाली चिरडला. चिमीने ढेकूळ मारले, पोराच्या कपाळाला खोक पडली. रावजी पाटील आधीच जमदग्नी. दारात येऊन म्हणाले, "राहीबाई, पुन्हा हिचा हात उठला तर विळा तापवून डाग देणार. त्याबिगर ही वळणावर येत न्हाई." हट्टी पोरांना डाग देण्याची गावाची रीतच होती.

राहीबाईने लेकीला महाराजांच्या पायावर घातले. महाराजांनी तिला जवळ बसवून विचारले, "बाळ, राग कुठं येतो गं?"

असे चिमीला कोणी कधी विचारलेच नव्हते. "हितं," ती पोटावर हात ठेवून म्हणाली. "मग कान तापत्यात. मग हात उठतो."

"म्हणजे हाताच्या आधी कान सांगतात तुला." महाराज हसले आणि त्यांनी मातीचे इवलेसे बोळके तिच्या हाती दिले. "राग येणं पाप नाही. मलाही येतो. कान तापले की म्हणायचं, आला मला राग. मग हे बोळकं विहिरीच्या दगडी डोणीतून काठोकाठ भरायचं आणि पिंपळाला घालायचं. सांडायचं मात्र नाही."

पारापाशी आलेले पाटील मिशीत हसले. "राग पाण्यानं विझतो व्हय?" सोबतचे लोकही हसले. राहीबाईने मान खाली घातली, पण विश्वास सोडला नाही. त्या दिवसापासून राग आला की चिमी बोळके भरी; कधी निम्मे पाणी सांडी, रडे, पुन्हा डोणीकडे जाई.

अक्षय्य तृतीया तोंडावर आली. पितरांच्या नावाने नव्या मडक्यात पाणी भरून द्यायचे, म्हणून सारे गाव राहीबाईच्या आव्याकडे, मडकी भाजायच्या भट्टीकडे, डोळे लावून होते. सणाच्या आदल्या दुपारी भाजलेली मडकी मातीच्या थराखाली निवत होती. नवरा बाजाराला गेलेला. एवढ्यात पाटील आले. "माझी मडकी आत्ता काढ."

"पाटील, आवा गरम हाय. वारं लागलं तर मडकी तडकतील. निवू द्या, सकाळी मीच आणून देते."

"मला थांब म्हणतीस?" पाटलांनी संतापून आव्याला लाथ घातली. थर ढासळला, आत मडकी तडतडू लागली. पुढच्याच रांगेत चिमीचा नवा बैल होता. त्याचे दोन तुकडे झाले.

चिमीचे कान लालबुंद झाले. पायाशी ढेकूळ पडले होते. राहीबाईला वाटले, आता हिचा हात उठला की विळा तापणार.

"आला मला राग," चिमी म्हणाली. "लई आला." आणि बोळके घेऊन डोणीकडे निघाली.

इकडे निखारे घरंगळून पाटलांच्या पायावर आले, धोतराने पेट घेतला. कुंभारवाड्यातले लोक पाण्याला धावले, तर घरातल्या घागरी रिकाम्या. चिमी भरले बोळके सांभाळत पिंपळाकडे चालली होती. ती थबकली, वळली आणि पाटलांच्या पायावर पाणी ओतू लागली. काय सांगावी महाराजांची लीला! ओंजळभर पाण्याचे बोळके, पण धार तुटेना. धोतर विझले, निखारे काळे पडले, तेव्हा कुठे ती थांबली. पाटलांच्या पायाला साधा फोडही नव्हता. आव्यातली तडतडही थांबली होती. पुढची रांग गेली ती गेली, बाकीची मडकी दुसऱ्या दिवशी धड निघाली.

पारावर महाराज डोळे मिटून बसले होते. त्यांच्या उजव्या पावलावर भाजल्याचा टरटरून फोड आला होता.

पाटलांनी तो पाहिला आणि त्या पावलांपाशी डोके टेकले. "पोरीला डाग द्यायला निघालो होतो मी, महाराज. माझा डाग तुम्ही घेतलात. मलाबी एक बोळकं द्या."

महाराज म्हणाले, "माझ्याकडं कुठलं? चिमीला विचार."

रावजी पाटलांनी चिमीपुढे हात जोडले. चिमीने मोडक्या बैलाकडे पाहिले. कान अजून जरासे लाल होते. मग तिने बोळके त्यांच्या हातात दिले.

"सांडायचं न्हाई," ती म्हणाली. "सांडलं तर परत भरायचं."

त्यानंतर करंजोळ्यात कुठल्याच लेकरासाठी विळा तापला नाही.