तिसऱ्या दारावरून परतलेला बातमीदार

एका गावात एक बातमीदार होता. कागद नाही, शाई नाही. त्याच्याकडं होती एक हलगी आणि एक खणखणीत गळा. बातम्या तरी कसल्या? राजाच्या नाहीत, लढाईच्या नाहीत. खेळांच्या! हसू नका. त्या गावाला खेळांचं आणि यंत्रांचं इतकं वेड होतं की विचारू नका. किल्लीवर चालणारे हत्ती, आपोआप सोंगट्या हलवणारे पट, दाबलं की गाणारे पोपट, दर बाजाराला काहीतरी नवं यायचंच. पोरं पुठ्ठ्याची चिलखतं घालून गल्लीत फिरायची, आणि कुणाचा भोवरा भारी यावरून चांगली जाणती माणसं पारावर हातघाईवर यायची.

नवी वस्तू आली की ती आधी बातमीदाराकडं जायची. तो ती खेळून बघायचा आणि बाजाराच्या सकाळी पारावर चढून, हलगी वाजवून सांगायचा, "घ्या," नाहीतर "घेऊ नका." तो घ्या म्हणाला की लोक डोळे मिटून घ्यायचे. म्हणायचे, "त्यानं खेळून पाहिलंय ना? मग झालं तर!"

हे काम त्याला त्याच्या आत्यानं शिकवलं होतं. आत्या मोठी खमकी बाई. ती म्हणायची, "मेल्या, खेळाचं पहिलं दार गोडच असतं. शेवटचं दार बघितल्याशिवाय पारावर चढलास तर तंगडं मोडून हातात देईन!" आत्या होती तोवर तो प्रत्येक खेळ शेवटपर्यंत खेळला. मग आत्या गेली, खेळ वाढले, आणि गड्याला युक्ती सुचली. थोडं खेळायचं, उरलेलं अंदाजानं ठोकून द्यायचं. कुणाला कळलं? कुणालाच नाही. फार तर एखाद्या हत्तीची किल्ली लवकर तुटायची. आत्या मात्र मनात बसून टोचत राहायची, ते काही थांबलं नव्हतं.

घरात तो आणि त्याची लेक गोदी. गोदीची आई ती पाळण्यात असतानाच गेली होती. घरात तिसरं माणूस नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

एकदा बाजार अगदी तोंडावर आला असताना गावात एक पेटीवाला आला. आवाज इतका मऊ की ऐकायला जवळ जावं लागायचं. त्यानं बातमीदाराच्या ओट्यावर एक काळी पेटी ठेवली. पेटीला डोळा लावायला एक भोक, आणि बाजूला फिरवायची मूठ.

"सगळ्यांच्या आधी तुम्हाला दाखवतोय," पेटीवाला म्हणाला. "अट एकच. बाजाराच्या सकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि हो, पलीकडच्या गावच्या बातमीदारालाही एक पेटी दिली आहे. तो म्हणे बाजाराच्या दिवशी उजाडताच बोलणार आहे."

झालं! बातमीदारानं पेटी लगेच पुढ्यात ओढली. तो आपल्या आधी बोलला तर आपल्याला कोण विचारणार?

त्यानं डोळा लावला आणि मूठ फिरवली. आत दिव्यांनी उजळलेलं अख्खं नगर होतं, आणि त्यात एक वीर चालत होता. वीराचा चेहरा हुबेहूब बातमीदाराचा! वीर दऱ्या ओलांडत, सापांशी लढत एका दारापाशी आला. दारात एक म्हातारा द्वारपाल बसला होता.

"एक नाव दे," द्वारपाल म्हणाला. "पुढं जा."

बातमीदारानं कुठल्याशा तेलवाल्याचं नाव दिलं. दार उघडलं. त्याच क्षणी तो तेलवाला त्याच्या डोक्यातून साफ पुसला गेला. पण पुसलेलं माणसाला कळणार कसं? दुसऱ्या दाराशी त्यानं एका जुन्या भांडकुदळ शेजाऱ्याचं नाव दिलं. मन हलकं वाटलं. तिसऱ्या दाराशी नाव शोधताना मनात आत्या टोचली, "शेवटपर्यंत जा रे!" तो वैतागला, आणि त्यानं आत्याचंच नाव देऊन टाकलं.

टोचणी थांबली. अहाहा, काय बरं वाटलं त्याला! पुढं चौथं दार दिसत होतं, त्यामागं आणखी दारं. पण आता पुढं जा म्हणून सांगणारं मनात कुणी उरलंच नव्हतं. त्यानं पेटीवरून डोळा काढला आणि हलगी पुसायला घेतली.

बाजाराच्या सकाळी तो पारावर चढला. "ऐका हो ऐका! असा खेळ झाला नाही, होणार नाही! पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत नुसती मजा! मनावरचं ओझं उतरतं. पोराबाळांना खुशाल खेळू द्या!"

पेटीवाल्यानं बाजाराच्या मैदानात मांडव घालून पेट्यांची रांगच लावली होती. पोरं तुटून पडली.

गोदी घरच्या पेटीवर खेळत होती. बातमीदार ओट्यावर बसून दुसऱ्याच कुठल्यातरी चक्राची किल्ली पिळत होता. पुढच्या बाजारासाठी ते बघायचं होतं ना!

"बाबा," गोदीनं आतून हाक मारली, "मी चौथ्या दाराशी आलेय. हा म्हातारा आता वेगळंच बोलतोय. म्हणतो, परक्याचं नाव चालणार नाही, घरच्या माणसाचंच दे. तुमचं देऊ का?"

त्यानं मान वर केली नाही. "दे की. खेळच आहे तो!"

अरे माणसा! एकदा वर बघितलं असतंस तर?

दिवस कलला तशी त्यानं भाकरी काढली, पिठलं वाढलं आणि हाक मारली, "गोदे, चल जेवायला."

गोदी दारात आली. त्याला बघून थबकली, आणि एक पाऊल मागं सरकली.

"काका, तुम्ही कोण?"

"काय गं ही थट्टा? बस, गार होतंय."

"तुम्ही आमच्या घरात कसे आलात?" तिचा आवाज कापायला लागला. त्यानं हात पुढं केला तशी ती किंचाळली आणि धावत शेजारच्या कुंभारणीच्या घरात शिरली. बातमीदार मागं धावला. गोदी कुंभारणीच्या लुगड्याआड लपून त्याच्याकडं बघत होती. आपल्या लेकराला आपलीच भीती वाटताना बघणं कुणाच्या नशिबी येऊ नये.

कुंभारीण स्वतःच कपाळाला हात लावून बसली होती. "माझा पोरगा मला बाई म्हणतोय रे," ती म्हणाली. "पोटचा पोर. म्हणाला, बाई, माझा सदरा कुठाय. आणि पुन्हा मांडवात पळाला."

गल्लीत बाहेर घराघरांतून रडणं ऐकू येत होतं. एका घरात नातू आजोबांना बाहेर काढत होता. एका घरात दोघी सख्ख्या बहिणी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना नावगाव विचारत होत्या. पोरं मात्र शांत होती. जेवण नको, पाणी नको. विझल्या डोळ्यांनी ती पुन्हा पेट्यांकडंच चालली होती. धरून ठेवलं तर चावत होती.

सगळं गाव मांडवापाशी गोळा झालं. पेटीवाला बातमीदाराच्या कानाशी आला. "पोरांना भुताखेताचं वारं लागलंय असं सांगा," तो मऊ आवाजात म्हणाला. "तुमचं कोण ऐकणार नाही? यापुढं माझा प्रत्येक नवा खेळ आधी तुमच्याच हातात येईल. जन्मभर."

तेवढ्यात कुंभारीण पुढं आली. "तू सांगितलंस म्हणून खेळू दिलं. आता एवढंच सांग. शेवटच्या दारामागं काय आहे?"

बातमीदारानं तोंड उघडलं. त्याला माहीतच नव्हतं! आणि 'वारं लागलंय' हे शब्द अगदी जिभेवर आले होते. मग त्यानं कुंभारणीच्या मागं लपलेली गोदी पाहिली.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "मी तिसऱ्या दारावरून परत आलो. आता जातो. जे दिसेल ते मोठ्यानं सांगत जातो. ऐका."

कुणी शिव्या दिल्या, कुणी दगड उचलला. तो तोवर एका पेटीला डोळा लावून बसला होता.

"मी उघडलेली पहिली तिन्ही दारं या पेटीतही उघडीच आहेत," तो ओरडून सांगू लागला. "आता चौथं आलं. म्हातारा घरचं नाव मागतोय." तो थांबला. त्याच्या घरात दुसरं नाव होतं कुठलं? "माझी लेक. गोदी."

दार उघडलं. क्षणभरानं तो म्हणाला, "काहीतरी हरवलंय माझं. काय ते आठवत नाही. डोळ्यांना पाणी का येतंय तेही कळत नाही. पुढं जातो." ऐकणाऱ्या बायांनी तोंडाला पदर लावला.

पुढच्या दारांशी द्वारपालानं काही मागितलं नाही. मागायला उरलंच काय होतं? सापही नव्हते, दऱ्याही नव्हत्या. नुसता अंधारा बोळ, आणि कुणीतरी कुजबुजत असल्यासारखा आवाज.

"शेवटचं दार आलं," बातमीदार म्हणाला. "म्हातारा म्हणतो, आता स्वतःचं नाव दे, म्हणजे तू जिंकलास. दाराला फट आहे. फटीतून बघतो. लांबच लांब खोली आहे. भिंतीला खुंट्या. खुंट्यांना... अरे देवा! खुंट्यांना चेहरे टांगलेत. माणसांचे. डोळे हलताहेत त्यांचे. ओठ हलताहेत. प्रत्येकाखाली नाव आहे. आणि पुढच्या खुंट्या रिकाम्या आहेत, वर लिहिलंय, खेळणाऱ्यांसाठी! जो स्वतःचं नाव देईल तो तिथं लटकेल! पोरांना ओढा! पेट्यांवरून ओढा पोरांना!"

कुंभारणीचा पोर त्याच घटकेला दुसऱ्या एका पेटीत शेवटच्या दाराशी पोचला होता. त्याचे ओठ स्वतःच्या नावासाठी उघडले होते. कुंभारणीनं झडप घालून त्याचं तोंड हातानं दाबलं. बाकीच्यांनीही आपापली पोरं ओढून काढली.

आणि जे दिसेल ते मोठ्यानं सांगायची सवय म्हणून बातमीदारानं पहिल्या खुंटीवरचं नाव वाचलं. "पारूबाई कुंभार!"

"आई!" पोर ओरडला. "आई गं!"

नाव पुकारलं की आठवण परतते, हे गावाला कळलं, त्यालाही कळलं. मग काय! तो गळा फुटेस्तोवर नावं पुकारत सुटला. एकेक चेहरा खुंटीवरून नाहीसा होई आणि बाहेर एकेक पोर आपल्या माणसाच्या गळ्यात पडे. तेलवाल्याचं नाव आलं, भांडकुदळ शेजाऱ्याचं आलं. मग आत्याचं आलं. तिला पुकारताच तिची ती तंगडं मोडायची धमकी कानात दणकन वाजली आणि तो लाजेनं अर्धा झाला. एका खुंटीवर एका पोरीचा चेहरा होता. "कुणाची बरं ही गोड पोर?" तो म्हणाला, आणि वाचलं, "गोदी." आणि ढसाढसा रडला.

आता एकच चेहरा उरला होता. त्याचा स्वतःचा. गोदीनं दिलेला. त्याचेही ओठ हलत होते, आणि काय म्हणत होते ते त्याला बघताच कळलं. गोदे, गोदे, एवढंच.

द्वारपाल हसला. "एकच राहिलं. घे की नाव. लेक ओळखेल तुला."

पण या दाराशी स्वतःचं नाव उच्चारणं म्हणजे ते देणंच. उच्चारलं तर गोदीला बाप आठवेल, पण बाप घरी परतायचा नाही. पोरीला जेवायला कोण वाढणार? ज्या गळ्यावर त्याचं पोट चालायचं, तो गळा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा गच्च आवळून धरला. मग त्यानं पेटीवरून डोळा काढला.

पेटीतला दिवा विझला. रांगेतल्या सगळ्याच पेट्या विझल्या. लोकांनी वळून बघितलं तर पेटीवाला कुठंच नव्हता. लोकांनी त्या पेट्या फोडल्या, पण आत नुसतं कोरं लाकूड निघालं.

गोदी बापाच्या घरी परत आली. सगळ्या गावानं तिला सांगितलं, हे तुझे बाबा. "असतील," ती म्हणाली. शहाणी पोर. हळूहळू तिची भीती गेली. तो वाढेल ते ती जेवायची, त्याच्या डोक्याला तेलही लावून द्यायची. पण हाक मारायची ती काकाच.

गावानं त्याला पारावरून हाकललं नाही. तो आता प्रत्येक खेळ शेवटच्या दारापर्यंत खेळायचा, एक बाजार चुकला तरी चालेल म्हणायचा. पलीकडच्या गावचा बातमीदार दर बाजाराला त्याच्या आधी बोलून जायचा. तो बोलो बापडा. आणि हा पारावर चढून हलगीवर हात ठेवायचा, तेव्हा गर्दीतून गोदीच पहिल्यांदा विचारायची, "काका, शेवटचं दार बघून आलात ना?"

"हो बाळा," तो म्हणायचा. "बघून आलो."

तात्पर्य: आपल्या शब्दावर दुसऱ्यांची पोरं दार उघडणार असतील, तर शेवटचं दार आधी आपण बघून यावं. नाहीतर गप्प बसावं.